गोळी पिस्तुलाची, दस्ता बंदुकीचा

पत्र असं आहे:

"नमस्कार. आम्ही मूळ सांगलीचे, चौदा वर्षं अमेरिकेत, सध्या डॅलसजवळ फ्रिस्कोला. दोन वर्षांपूर्वी दोघांची ग्रीन कार्डं झाली. मध्यंतरी एका मित्राने आम्हाला शूटिंग रेंजवर नेलं. मला पिस्तूल बऱ्यापैकी जमलं. बायकोचा हात थरथरला, गोळ्या कागदाबाहेर गेल्या आणि ती हिरमुसली. मग मित्राने तिच्या हातात ९ एमएमची कार्बाइन दिली. पहिल्याच मॅगझिनमध्ये तिने सगळ्या गोळ्या एका पुरीएवढ्या जागेत बसवल्या. आता तिला तीच हवी. माझं म्हणणं असं, की मोठी बंदूक घ्यायची तर एआर-१५ रायफल घ्यावी, नाहीतर सरळ पिस्तूल. पिस्तुलाची गोळी मारायला एवढी हातभर बंदूक कशाला? दुकानदाराला विचारलं तर त्याला सगळंच चांगलं वाटतं. घरात अकरा वर्षांची मुलगी आहे. जूनमध्ये आई सहा महिन्यांसाठी येतेय. मेहुणा एच-१बीवर आहे, त्यालाही रेंजवर यायचंय. काय करावं? — एक सांगलीकर"

सांगलीकर, भांडणाचा निकाल आधीच देऊन टाकतो: वहिनींचं बरोबर आहे. पण तुमच्या पत्रातला खरा महत्त्वाचा भाग तुम्ही शेवटच्या तीन वाक्यांत उरकलाय. त्याकडे येईनच.

कार्बाइन हा शब्द आपल्या कानावर पडतो तो पोलिसांच्या आणि लष्कराच्या बातम्यांतून. माझा एक मामा फौजेत होता, तो सुट्टीवर आला की कार्बाइनच्या गोष्टी सांगायचा. ती होती ब्रिटिश स्टर्लिंगच्या धर्तीवर कानपूरच्या कारखान्यात बनलेली, ९ एमएमची, डाव्या बाजूला आडवं मॅगझिन असलेली. म्हणजे पिस्तुलाचीच गोळी, पण खांद्याला लावून मारायची. फक्त ती स्वयंचलित होती, चाप दाबून धरला की सुटतच राहायची. इथे दुकानात मिळते ती अर्धस्वयंचलित: एकदा चाप, एक गोळी. मे १९८६ नंतर बनलेलं स्वयंचलित हत्यार अमेरिकेतही सामान्य नागरिकाला मिळत नाही. आईंना फोनवर "कार्बाइन घेतोय" म्हणाल तेव्हा हे आधी सांगा, नाहीतर त्या तिकीट रद्द करतील.

"पिस्तुलाच्या गोळीला बंदूक कशाला" हा प्रश्न तुमच्या आधी दीडशे वर्षांपूर्वी सुटलेला आहे. विंचेस्टर कंपनीने १८७३ साली जी लिव्हरची (चापाखालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची) रायफल काढली, ती .४४-४० नावाच्या काडतुसाची होती. १८७८ पासून कोल्टने आपलं रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसात द्यायला सुरुवात केली. घोड्यावरून फिरणाऱ्या माणसाला कमरेच्या पट्ट्यात एकाच जातीची काडतुसं ठेवली की झालं. आजचा हिशेबही तोच आहे. उद्या तुम्ही ९ एमएमचं पिस्तूल घेतलंत आणि वहिनींनी ९ एमएमची कार्बाइन, तर घरात एकाच प्रकारचे डबे येतील. काही कार्बाइनींना तर मॅगझिनही पिस्तुलाचंच चालतं. रुगर कंपनीच्या पीसी कार्बाइनमध्ये मॅगझिनची खाच बदलता येते, त्यामुळे ती ग्लॉक पिस्तुलाचीही मॅगझिनं घेते. केल-टेकची सब-२००० ही त्याच कुळातली.

आता वहिनींच्या पुरीएवढ्या जागेबद्दल. त्यात जादू नाही. पिस्तूल माणूस फक्त दोन तळव्यांत धरतो, आणि तेही हात पुढे ताणून. भरलेलं पिस्तूल किलोभराच्या आत असतं, पण चाप ओढायला लागणारा जोर त्याच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट असतो. त्यामुळे नवख्या माणसाचं बोट चापाऐवजी सगळं पिस्तूलच खाली ओढतं. शिवाय आवाजाच्या भीतीने गोळी सुटायच्या आधीच मनगट दचकतं. कार्बाइनला हाताचे दोन आधार, खांद्याचा तिसरा आणि गालाचा चौथा. पीसी कार्बाइन तीन किलोच्या थोडी वर भरते, म्हणजे बोटाने ओढून हलण्यासारखी नाही. वर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच) बसवला की पुढची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा), मागची खाच आणि निशाण हे तिन्ही एका रेषेत आणायची कसरत संपते. लाल ठिपका निशाणावर ठेवायचा आणि चाप हळू दाबायचा.

आवाजाचंही तसंच. पिस्तुलाची नळी चार-पाच इंचांची, त्यामुळे जळती दारू तोंडाबाहेर येऊन भडकते. सोळा इंचांच्या नळीत ती आतच जळून जाते, आणि नळीचं तोंड कानापासून लांब असतं. फरक कानाला कळतो, छातीला जास्त कळतो. तरीही कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही हवंच. बंदिस्त रेंजवर शेजारच्या गाळ्यात कोण काय उडवेल याचा नेम नाही.

रेंजचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो, कारण दुकानदार हे सांगणार नाही. शहरातल्या कित्येक बंदिस्त रेंजवर पिस्तुलाच्या काडतुसांना परवानगी असते, रायफलच्या नसते. भिंती आणि मागचा लोखंडी अडसर तेवढ्यासाठीच बांधलेला असतो. एआर-१५ घेतलीत तर अशा ठिकाणी ती गाडीतच राहील, आणि तुम्हाला तासभर गाडी हाकत मोकळ्या रेंजवर जावं लागेल. टेक्सासच्या जुलैत पत्र्याच्या शेडखाली उभं राहायचा उत्साह दोन वेळा टिकतो. लोखंडी पाट्यांवर मारायचं तर पिस्तुलाच्या गोळीला दहा-बारा यार्ड अंतर चालतं, रायफलच्या गोळीला साधारण शंभर यार्ड सोडावे लागतात. खर्चाचं म्हणाल तर भाव वरखाली होत असतात, पण साधी ९ एमएमची गोळी पाव डॉलरच्या आसपास पडते आणि एआर-१५ला लागणारी ५.५६ ची त्याच्या दुपटीच्या घरात. दर रविवारी दोनशे गोळ्या उडवणाऱ्या माणसाला हा फरक महिन्याअखेरीस किराणा सामानासारखा जाणवतो.

मला विचाराल तर कार्बाइनचा सगळा उपयोग इथेच आहे. ती वापरली जाते. माझ्या ओळखीत तीन घरी एआर-१५ आहे, तिन्ही कपाटात आहेत.

वहिनींना स्पर्धेची हौस असेल तर आणखी एक गंमत. युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशनने २०१६ मध्ये कार्बाइनसाठी वेगळा गट सुरू केला. स्टील चॅलेंज नावाच्या प्रकारात प्रत्येक टप्प्यावर पाच लोखंडी पाट्या असतात, घड्याळ लावून त्या वाजवायच्या. पिस्तूलवाल्यांना ते कमरेच्या म्यानातून काढावं लागतं, आणि ते शिकताना चुका होतात. कार्बाइनवाल्यांनी बंदूक समोर खाली रोखून उभं राहायचं, घड्याळाचा बीप झाला की उचलायची. नवशिक्याला याहून सोपी सुरुवात मला माहीत नाही. टण्ण असा आवाज आला की माणूस मान मागे टाकून हसतो. वय साठ असलं तरी.

पण हिला नखरे नाहीत असं नाही. पहिला नखरा असा, की हिचा धक्का वाटतो त्यापेक्षा जास्त असतो. बहुतेक स्वस्त कार्बाइनी ब्लोबॅक पद्धतीच्या असतात. नळीमागचा बोल्ट कशात अडकवलेला नसतो, नुसत्या स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगने थोपून धरलेला असतो. म्हणून तो जड करावा लागतो. रुगरने तर आत टंगस्टनचं वजन घातलंय. गोळी सुटली की तो लोखंडाचा गोळा मागे धाडकन येतो आणि परत पुढे जातो. मी पहिली कार्बाइन घेतली तेव्हा "पिस्तुलाची गोळी, तीही एवढ्या वजनदार बंदुकीतून, म्हणजे लोण्यासारखी" असं समजून एका सकाळी तीनशे गोळ्या उडवल्या. दुसऱ्या दिवशी उजव्या खांद्यावर जांभूळ पिकलं होतं. विचित्र वाटेल, पण एआर-१५ खांद्याला याहून मऊ लागते, कारण तिचा बोल्ट वेगळ्या पद्धतीने कुलूपबंद असतो. एमपी-५ या जर्मन सबमशीनगनच्या जातीतल्या महाग कार्बाइनी बोल्टला रोळ्यांनी उशीर लावतात, त्या खरंच मऊ असतात. पण तेवढ्या पैशांत मुंबईच्या दोन चकरा होतात.

दुसरी गोष्ट ताकदीची. लांब नळीने ९ एमएमची गोळी थोडी वेगवान होते, इतकंच. त्याने ती रायफल होत नाही. ५.५६ च्या गोळीची ऊर्जा तिच्या जवळपास तिप्पट असते. शंभर यार्डांपर्यंत कागदावर मजा येते, पण तिथेच ती चार-सहा इंच खाली उतरलेली असते, आणि पुढे तर भराभर उतरते. हरणाच्या शिकारीला ९ एमएम नेऊ नका, जनावराचे हाल होतात. लांब नळीचा खरा फायदा बघायचा तर .३५७ मॅग्नममध्ये. ते काडतूस लिव्हरच्या कार्बाइनमधून सुटलं की पिस्तुलापेक्षा सेकंदाला काही शे फुटांनी वेगवान जातं, आणि त्याच बंदुकीत .३८ स्पेशलची मवाळ गोळीही चालते. माझ्याकडे तशी एक आहे. तिची लाकडी मूठ तेलाने पुसत बसणं हा माझा रविवारचा नाश्त्यानंतरचा कार्यक्रम. असो, तुम्ही ते विचारलं नव्हतं.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण "रात्री घरात कोणी शिरलं तर" हा विचार मनात असणारच. एकच सांगतो. इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ठोकलेले जिप्समचे पत्रे. आपल्याकडच्या विटांच्या भिंती डोळ्यांपुढे आणू नका. "पिस्तुलाची गोळी आहे, भिंतीत अडकेल" असं दुकानात कोणी सांगितलं तर मान डोलावून पुढे जा. ती मुलीच्या खोलीची भिंत आरामात पार करते, आणि तिच्या पलीकडचीही. कित्येकदा ५.५६ ची हलकी गोळी गडगडून लवकर फुटते, ९ एमएमची सरळ चालत राहते.

आता मुलीकडे आणि आईंकडे येऊ. टेक्सासच्या कायद्यात निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. पण कायदा बाजूला ठेवा. अकरा वर्षांच्या मुलीला घरातली प्रत्येक लपवायची जागा माहीत असते. दिवाळीची भेट तिने कधी आधी शोधून काढली नाही का? म्हणून बंदूक घरी यायच्या आधी तिजोरी आली पाहिजे, आणि ती भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की केलेली हवी. गोळ्या वेगळ्या कुलपात. मिटणाऱ्या कार्बाइनचं आकर्षण इथे उलटतं. सब-२००० मिटली की सोळा-सतरा इंचांची होते, वजन दोन किलोच्या आसपास. शाळेच्या दप्तरात मावते. त्यामुळे "कुठेही मावते" हा गुण नसून काळजी आहे असं समजून चाला. मुलीला बंदुकीबद्दल लपवाछपवी करू नका. एकदा उघडून, रिकामी आहे हे दाखवून, सगळं सांगा. कुतूहल तिथेच अर्धं संपतं.

तिजोरीची किल्ली मात्र आईंकडे देऊ नका. आपल्याकडे सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायची रीत, आणि तुम्ही दोघं कामावर गेलात की घर त्यांच्या ताब्यात. पण आई पर्यटक व्हिसावर येणार, आणि नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळी जवळ ठेवायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. ताबा म्हणजे हातात धरणंच नव्हे. किल्ली असणं आणि केव्हाही उघडता येणं हाही ताबा ठरू शकतो.

हीच गोष्ट मेहुण्याची. एच-१बी हाही नॉन-इमिग्रंट व्हिसाच. त्याला विकत घेता येत नाही हे बहुतेकांना ठाऊक असतं. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं किंवा तुमच्या बंदुकीतून "दोनच गोळ्या" मारणं हेही त्याच बंदीत येतं, हे ठाऊक नसतं. रेंजवर कोणी व्हिसा विचारत नाही, म्हणून चालतं असा समज होतो. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षांची झाली आहे, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्यातला एक दिवसही परवडणारा नाही. एक सूट आहे: राज्याचा वैध, चालू शिकार परवाना असेल तर बंदी लागू होत नाही. पण परवाना संपला त्या दिवशी सूटही संपली. त्या वाटेने जायचं तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मला नको. तोवर मेहुण्याने काचेपलीकडे बसून कॉफी प्यावी.

आणि एक अगदी घरगुती गोष्ट. रेंजला न्यायची बॅग कायम वेगळी ठेवा. काही वर्षांपूर्वी मुंबईला निघायच्या आदल्या रात्री मी खांद्याची सॅक भरत होतो. बायकोने बाजूच्या कप्प्यात पासपोर्ट ठेवायला हात घातला आणि पेनाच्या टोपणाएवढं काहीतरी पितळी बाहेर काढलं. ९ एमएमचं एक जिवंत काडतूस, चार महिन्यांपूर्वीच्या रेंजवरचं. ती काहीच बोलली नाही, नुसतं तळहातावर धरून माझ्याकडे बघत राहिली. भारतात ९ एमएम हे निषिद्ध बोअरमध्ये येतं, सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही. विमानतळावर एक गोळी सापडली की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. "चुकून राहिली" हे पुढे कोर्टात मान्य होऊ शकतं, पण तोवर सुट्टी, लग्न, परतीचं तिकीट सगळं जातं. त्या रात्रीपासून माझी रेंजची बॅग गॅरेजमध्ये खुंटीला असते आणि तिच्यात दुसरं काही जात नाही.

खरेदीचं थोडक्यात. नळी सोळा इंचांपेक्षा आणि एकूण लांबी (मिटणारी असेल तर उघडून मोजलेली) सव्वीस इंचांपेक्षा कमी नको. त्याखाली गेलं की १९३४च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. दोनशे डॉलरचा जुना कर २०२६ पासून शून्य झालाय, नोंदणी मात्र गेलेली नाही. दुकानात ठेवलेल्या आखूड, बिनदस्त्याच्या देखण्या "पिस्तुलां"ना घरी नेऊन स्वतःहून दस्ता लावायचा मोह टाळा. नोंदणीशिवाय तो गुन्हा आहे. उद्या नोकरीने न्यू जर्सीला जावं लागलं तर तिथे आधी बंदूक खरेदीचं ओळखपत्र काढावं लागतं आणि मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात मूठ कशी आणि दस्ता मिटतो की नाही इथपर्यंत नियम आहेत. म्हणून साध्या, लाकडी बंदुकीसारख्या दस्त्याचं मॉडेल घ्या, ते जास्त ठिकाणी चालतं.

बंदूक वहिनींची असेल तर ४४७३ नंबरचा फॉर्म वहिनींनीच भरावा. त्यात ग्रीन कार्डाचा नंबर लागतो. मधलं नाव, म्हणजे बहुधा तुमचंच, लायसन्सवर जसं आहे तसं पूर्ण लिहावं. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर काउंटरवरून परत यावं लागेल. तपासणीचा निकाल कधी दहा मिनिटांत येतो, कधी तीन कामाचे दिवस लोंबकळतो. त्यात अपमान वाटून घेऊ नका.

आणि पिस्तूल? सहा महिने थांबा. ज्याला खरंच हवंय तो सहा महिन्यांनीही मागतो.

शनिवारी दुपारी दुकानात जत्रा असते, मंगळवारी सकाळी जा. बंदूक रिकामी आहे हे बघून वहिनींनी ती खांद्याला लावावी, डोळे मिटून, मग उघडून. ठिपका आपोआप समोर आला तर मापात बसली. पीसी कार्बाइनच्या दस्त्यात अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या तीन चकत्या असतात. हात आखूड वाटले तर त्या काढून बघा, दुकानदार स्क्रू ड्रायव्हर देतो. तुम्ही काउंटरपासून जरा लांब उभे राहा. आणि मेहुण्याला त्या दिवशी भाचीबरोबर घरी कॅरम खेळायला बसवा.